बैल किती, गाई किती

बैल-गाईचा खेळ कोणालाही दोन मिनिटांत समजतो. एकानं चार अंकी आकडा मनात धरायचा. त्यात कुठलाही अंक दोनदा यायला नको, शून्य मात्र कुठेही चालेल, अगदी पहिल्या जागीसुद्धा. समोरच्यानं एकेक आकडा विचारत जायचं. विचारलेला अंक बरोबर जागेवर बसला तर तो बैल, आकड्यात आहे पण जागा वेगळी असेल तर ती गाय. मनात 1630 धरला आणि समोरच्यानं 1036 विचारला, तर 1 आणि 3 आपापल्या जागी आहेत म्हणून दोन बैल, 0 आणि 6 यांची जागा हललेली आहे म्हणून दोन गाई. चार बैल आले की खेळ संपला. कागद आणि पेन सोडलं तर काही लागत नाही.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाईनचं दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, लाईटबिल, झेरॉक्स, असं सगळं. पीक विम्याची मुदत जवळ आली की दुकानात पाय ठेवायला जागा नसते, मुदत संपली की दुपारभर बाकडं रिकामं. शाळा सुटली की पोट्टे त्या बाकड्यावर येऊन बसतात. हा खेळ त्यांना त्यांच्या सरांनी ऑफ तासाला शिकवला होता आणि वह्यांची मागची पानं त्यानंच भरली होती. एक दिवस त्यातल्या एकानं माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं, "भाऊ, याले येते का हे?"

अमरावतीला बी.एस्सी. करताना मी प्रोग्रॅमिंग शिकलो होतो, आणि ते मला मनापासून आवडायचं. गावात परतल्यावर मात्र लॅपटॉपवर फक्त दुसऱ्यांचे फॉर्म भरले. त्या पोराच्या प्रश्नानं हात शिवशिवले. पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, ती फुकट मिळते, जुन्या लॅपटॉपवरही चालते. त्याच संध्याकाळी ती टाकून घेतली.

सुरुवात सोप्या खेळापासून केली: 1 ते 100 मधला आकडा ओळखायचा, उत्तर फक्त "मोठा" किंवा "लहान". हे गावात कोणाला शिकवावं लागत नाही. विहिरीवरच्या मोटरची केबल मधेच कुठे तुटली तर वायरमन एका टोकापासून चाचपत येत नाही, आधी मधल्या जोडावर टेस्टर लावतो आणि अर्धी केबल एका झटक्यात मोकळी करतो. प्रोग्रॅमही तेच करतो. आधी 50 विचारा, मग उरलेल्याचा मध्य, मग त्याचा मध्य. सात प्रश्नांत 1 ते 127 पर्यंतचा कुठलाही आकडा हाती लागतो, त्यामुळे 100 साठी सात कायम पुरतात. सगळे आकडे सारख्याच वेळा धरले गेले तर सरासरी 5.8 प्रश्न पडतात. दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम झाला. पोरांना तो अर्धा तास आवडला, नंतर त्यांनीच सांगितलं की यात मजा नाही, बैल-गाई पाहिजेत.

बैल-गाईत मधला आकडा नावाची गोष्टच नाही. 5039 हा आकडा मोठा की लहान, याला काही अर्थ नाही. मग अर्धं कशाचं करायचं?

पहिली आवृत्ती मी सरळ लिहिली. असे एकूण आकडे किती? पहिल्या जागी 10 अंक, दुसऱ्या जागी उरलेले 9, मग 8, मग 7. गुणाकार 5040. कम्प्युटरला हे सगळे आकडे एका यादीत धरून ठेवणं काहीच नाही. यादीतला एक आकडा तो विचारतो, उत्तर ऐकतो आणि मग यादीतल्या प्रत्येक आकड्याला उलटा प्रश्न करतो: तूच मनातला आकडा असतास तर माझ्या प्रश्नाला हेच उत्तर आलं असतं का? ज्याचं उत्तर जुळत नाही तो बाद. माणूस जे डोकं खाजवून करतो, "दोन गाई आल्या म्हणजे 3 तरी असेल नाहीतर 7 तरी", त्यातलं प्रोग्रॅममध्ये काहीही लिहावं लागत नाही. बैल-गाई मोजणारं एक छोटं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, आणि तेच काम यादीभर परत परत करणारा एक लूप, बस. मला आजही हे सुंदर वाटतं. तर्काचा सगळा भार त्या एका उलट्या प्रश्नानं उचलला.

पहिल्या प्रश्नानंतर किती आकडे उरतात ते पोरांना छापून दिलं. एकही बैल नाही, एकही गाय नाही, असं उत्तर आलं तर 360. नुसती एक गाय आली तर 1440, हा सगळ्यात मोठा ढीग. दोन गाई आल्या तर 1260. एक बैल, एक गाय, तर 720. दोन बैल, दोन गाई आल्या तर फक्त 6. एकूण 14 प्रकारची उत्तरं येऊ शकतात. एकानं बोटं मोजून विचारलं की पंधरावं कुठे गेलं, तीन बैल आणि एक गाय? दुसऱ्यानंच त्याला समजावलं: तीन अंक जागेवर बसले तर चौथ्याला जागा एकच उरते, मग तो गाय होईलच कसा? पुस्तकात न वाचता सापडलेली ही गोष्ट त्यानं आठवडाभर सगळ्यांना सांगितली.

ही आवृत्ती चांगली खेळायची. पाच-सहा प्रश्नांत बहुतेक आकडे निघायचे. पण मधूनमधून ती शेवटी येऊन रेंगाळायची, आठव्या प्रश्नापर्यंत जायची. कारण काय ते मला लॅपटॉपवर बसून दिसलं नव्हतं. ते दिसलं बाकड्यावर.

सातवीतली एक पोरगी एका पोराशी खेळत होती. तिच्या कागदावर मी डोकावलो तेव्हा 1, 2, 3 हे तीन अंक आपापल्या जागी पक्के झाले होते आणि 4 बाद झाला होता. म्हणजे चौथ्या जागी 5, 6, 7, 8, 9 किंवा 0, सहा शक्यता. माझा प्रोग्रॅम इथे 1235 विचारेल, मग 1236, मग 1237. प्रत्येक वेळी उत्तर "तीन बैल" आणि बाद होणार फक्त एक. नशीब फुटकं असेल तर सहा प्रश्न. तिनं कागदावर लिहिलं 5678.

पोरगा हसला. "अबे, एक-दोन-तीन पक्के हायत ना, सोडले काहून?"

"पक्के हायत म्हनूनच सोडले. त्याइले पुन्हा इचारून काय भेटते?"

उत्तर आलं एक गाय. म्हणजे 5, 6 किंवा 7, कारण 8 असता तर तो जागेवरच बसून बैल झाला असता आणि 9 किंवा 0 असता तर काहीच आलं नसतं. पुढं तिनं 5486 विचारला. 5 असेल तर गाय, 6 असेल तर बैल, 7 असेल तर काहीच नाही. काहीच आलं नाही. तिनं 1237 लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. तीन प्रश्नांत काम झालं, आणि सहापैकी कुठलाही अंक असता तरी तीनच्या वर गेलं नसतं. मी घरी जाऊन सगळ्या फांद्या तपासल्या.

5678 हे उत्तर असूच शकत नाही, हे तिला विचारण्याआधीच पक्कं माहीत होतं. तरीही तो त्या वेळचा सगळ्यात चांगला प्रश्न होता. माझा प्रोग्रॅम दर वेळी बरोबर येण्याच्या आशेनं विचारत होता, ती मात्र कळावं म्हणून विचारत होती. या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत हे मला त्या बाकड्यावर कळलं. पुढचं सगळं काम यातूनच निघालं.

शोधलं तेव्हा दिसलं की ही वाट आधीच मळलेली आहे. 1968 साली केंब्रिज विद्यापीठाच्या टायटन कम्प्युटरवर फ्रँक किंग यांनी हाच खेळ 'मू' नावानं बसवला होता. 1970 मध्ये मोर्डेकाय मायरोविट्झ यांनी अंकांऐवजी रंगीत खुंट्या घेऊन 'मास्टरमाइंड' हा बैठा खेळ काढला, तो जगभर गेला. सहा रंग, चार भोकं, रंग परत चालतो, म्हणजे 1296 शक्यता. आणि 1977 मध्ये अमेरिकेतले कम्प्युटर-शास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी दाखवून दिलं की नीट विचारलं तर मास्टरमाइंडमधली कुठलीही जुळणी जास्तीत जास्त पाच प्रश्नांत निघते. त्यांच्या रीतीतही असे प्रश्न येतात जे उत्तर असूच शकत नाहीत. आमच्या पोरीनं 5678 लिहिताना जे केलं, त्याच जातीचं.

नूथ यांची रीत बैल-गाईला लावायची म्हणजे असं. पुढचा प्रश्न म्हणून सगळे 5040 आकडे एकेक करून घ्यायचे, उरलेल्या यादीतले आणि बाद झालेलेसुद्धा. प्रत्येकासाठी पाहायचं: हा विचारला तर उरलेले आकडे उत्तराप्रमाणे कसे वाटले जातात? 14 ढीग पडतात, काही रिकामे. त्यातला सगळ्यात मोठा ढीग किती, ते लिहून ठेवायचं, कारण आपलं नशीब वाईट असेल तर तोच पदरात पडणार. ज्या प्रश्नाचा सगळ्यात मोठा ढीग सगळ्यात लहान, तो विचारायचा. दोन प्रश्न बरोबरीत आले तर जो स्वतः उत्तर असू शकतो तो घ्यायचा, फुकटात जिंकायची संधी सोडायची कशाला? आणि यादीत एक किंवा दोनच आकडे उरले असतील तर हा सगळा खटाटोप न करता त्यातलाच विचारायचा.

लिहायला सोपं, चालवायला जड. पहिल्या प्रश्नाला एक गाय आली की 1440 आकडे उरतात. 5040 प्रश्न गुणिले 1440, म्हणजे 72 लाखांच्या वर वेळा बैल-गाई मोजायच्या. माझा लॅपटॉप सेकंडहँड घेतलेला. पंखा गुरगुरायला लागायचा आणि स्क्रीनवर काहीच नाही. तेवढ्यात कोणीतरी सातबारा मागायला यायचा. लाईट गेली की बॅटरीवर अजून हळू. पोरं वाट पाहून घरी जायची.

यावर दोन उपाय केले. पहिला असा की बैल-गाई परत परत मोजायच्याच नाहीत. 5040 आकड्यांची 5040 आकड्यांशी एकदाच गाठ घालून उत्तरं फाईलमध्ये ठेवायची. 2 कोटी 54 लाख नोंदी होतात. उत्तरं 14 च प्रकारची, म्हणून एका नोंदीला एक बाईट पुरतो, सगळी फाईल 25 एमबीची. मोबाईलमधल्या चार-पाच गाण्यांएवढी. रात्री जेवण झाल्यावर चालू केली, सकाळी तयार.

दुसरा उपाय अजून सोपा निघाला. पहिला प्रश्न कुठला विचारावा याचा हिशोब करायचीच गरज नाही. अजून काहीच माहीत नसताना 1234 काय आणि 8051 काय, सगळ्या अंकांचं नि जागांचं वजन सारखं. 5040 पैकी कुठलाही विचारा, ढीग तेवढेच पडतात. मग पहिला प्रश्न ठरलेला, आणि त्याची उत्तरं 14. त्यातलं चार बैल हे उत्तर सोडलं, तर दुसऱ्या प्रश्नासाठी तेराच हिशोब लागतात. ते आधीच करून ठेवले. तिसऱ्या प्रश्नापर्यंत यादी इतकी आखूड होते की लॅपटॉप लगेच उत्तर देतो.

आता पहिला प्रश्न कुठलाही चालतो म्हटल्यावर, कुठला ठेवायचा? इथे मला गावाकडे पाहावं लागलं. गणित धरून चालतं की सगळे 5040 आकडे सारख्याच वेळा मनात येतात. माणसांचं तसं नसतं. पोरांच्या जुन्या कागदांवर नजर टाकली तर साल, साल आणि साल. 1947, 1857, क्रिकेटवाल्यांचं 1983, शिवजन्माचं 1630, राज्याभिषेकाचं 1674, महाराष्ट्राचं 1960. चारही अंक वेगळे असलेली ही सालं, आणि सगळ्यांची सुरुवात 1 नं. आमच्या गावात अजून एक साल जवळजवळ प्रत्येक घरात पाठ आहे: 1956, नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली ते. मी पहिला प्रश्न 1956 ठेवला. ढिगांच्या हिशोबानं त्यात काही गमवायचं नव्हतं, आणि माणसांच्या हिशोबानं कमवायचं होतं.

सालांना यादीतही जास्त वजन द्यावं का, यावर मी बराच विचार केला आणि ते केलं नाही. वजन दिलं की ज्यानं मुद्दाम वेडावाकडा आकडा धरला, 7208 म्हणा, त्याच्यासाठी प्रोग्रॅम जास्त प्रश्न घेणार. सगळ्यात वाईट वेळीही चांगला खेळणारा प्रोग्रॅम मला पाहिजे होता. म्हणून सालांचा विचार फक्त बरोबरी सोडवण्यापुरता ठेवला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लॅपटॉप मंदिरासमोरच्या मांडवात नेला. आदल्या दिवशी मोठ्या पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, झालेल्या, आज लहान पोरं लाकडी बैल सजवून ओढत आणतात. बैलांच्या सणाला बैल-गाईचा खेळ, पोरांना हे भलतंच आवडलं. शेजारच्या आबाजींना पोरांनी ओढून आणलं. त्यांनी आकडा कागदावर लिहून धोतराच्या सोग्यात बांधला. प्रोग्रॅमनं 1956 विचारला. आबाजी कागद सोडून परत पाहून आले, म्हणाले, "एक बैल. एक गाय बी." यादीत 720 उरले. शेवटी 1674 निघाला तेव्हा त्यांनी लॅपटॉपच्या मागं वाकून पाहिलं, मागं कोणी बसलंय का म्हणून.

चार अंकांच्या बैल-गाईत सात प्रश्नांत कुठलाही आकडा काढता येतो आणि सहात सगळे काढणारी रीत नाही, हे कम्प्युटरनं सगळ्या शक्यता तपासून ठरलेलं आहे. सगळ्यात चांगल्या रीतीची सरासरी 5.213 आहे. त्या दिवशी मांडवात आमचा प्रोग्रॅम सातच्या वर गेला नाही.

एक अडचण मात्र मांडवातच कळली. गर्दीत माणसं मोजायला चुकतात. गाईला बैल म्हणतात, एखादी गाय विसरतात. एक चुकीचं उत्तर आलं की खरा आकडाच यादीतून बाद होतो, पुढं कधीतरी यादी रिकामी होते आणि प्रोग्रॅम थांबतो. रिकामी यादी म्हणजे कुठेतरी मोजणी चुकली हे नक्की. पण कुठे?

याही प्रश्नाला नाव आणि इतिहास आहे. हंगेरीचे आल्फ्रेड रेन्यी आणि पोलंडमधून अमेरिकेत गेलेले स्टॅनिस्लॉ उलाम या गणितज्ञांनी तो वेगवेगळा मांडला. उलाम यांनी 1976 मध्ये विचारलं: 1 ते 10 लाखांतला आकडा हो-नाही प्रश्नांनी शोधायचा, पण समोरच्याला एकदा खोटं बोलायची मुभा आहे, तर किती प्रश्न लागतील? खोटं नसताना 20 लागतात. 1987 मध्ये आंद्झेय पेल्त्स यांनी सिद्ध केलं की एका खोट्यासह 25 पुरतात. एक खोटं पकडायची किंमत फक्त पाच प्रश्न, हे वाचून मी थक्क झालो.

मी ते माझ्या यादीत असं उतरवलं. एका उत्तराशी न जुळणारा आकडा लगेच बाद करायचा नाही, बाजूच्या यादीत ठेवायचा. दोन उत्तरांशी जुळला नाही तरच कायमचा बाद. मुख्य यादी रिकामी झाली की बाजूची यादी पुढं येते. तिच्यातले आकडे कुठल्या उत्तराशी भांडतात ते पाहिलं की प्रोग्रॅम सांगतो, "तिसरं उत्तर परत मोजा." बहुतेक वेळा माणूस कागद उघडतो आणि म्हणतो, हो, गाय राहिली.

आता ती सातवीतली पोरगी आठवीत गेली आहे आणि तिला पाच अंक पाहिजेत. पाच अंकांत 30240 आकडे, उत्तरांचे प्रकार 20, आणि सगळ्यांची सगळ्यांशी गाठ घालायची तर 91 कोटींच्या वर नोंदी. माझ्या लॅपटॉपच्या आवाक्याबाहेरचं काम. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिनं वहीवर 12345 लिहिलं आणि उरलेल्या पाच अंकांभोवती गोल काढला.

"हे पाच तं इचारलेच नाई अजून. मग दुसऱ्या खेपेले सहा इचारला काय नि नऊ इचारला काय, सारखंच ना भाऊ?"

सारखंच. न विचारलेल्या अंकांना एकच खूण द्यायची आणि मग वेगळे प्रश्न मोजायचे. दुकान बंद करून आम्ही दोघांनी मोजणी केली, तिनं वहीवर, मी पायथॉनमध्ये. चार अंकांच्या खेळात दुसऱ्या प्रश्नाचे खरे वेगळे प्रकार 5040 नाहीत, 209 आहेत. पाच अंकांच्या खेळात 30240 ऐवजी 1546. दोन्ही आकडे दोघांचे जुळले. दुसरा प्रश्न त्यामुळे लॅपटॉपच्या आवाक्यात आला. तिसऱ्या प्रश्नाला न विचारलेले अंक कमी उरतात, तिथे ही युक्ती तेवढी चालत नाही. तिचं म्हणणं आहे की जे अंक आतापर्यंत नेहमी जोडीनं, एकाच वागणुकीनं आले, तेही एकमेकांसारखेच धरता येतील. ते कसं तपासायचं, ते आम्ही आता लिहीत आहोत.